चौथी अट

वाल भिजवायचे शुक्रवारी, फडक्यात बांधायचे शनिवारी, आणि रविवारी सकाळी कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. एवढा उपद्व्याप करून उसळ होते ती कशीबशी चार वाट्या. शहाण्या माणसाने या फंदात पडूच नये. पण मुलुंड पूर्वेचे देवदत्त खांबेटे, म्हणजे आपले नाना, पहिल्यापासूनचे हट्टी. आणि त्यांची बायको वसुधा गेल्यापासून तर त्यांचा हट्ट मोडणारंही घरात कोणी उरलं नव्हतं. बाजारात सोललेल्या डाळिंब्या मिळतात, पाण्यात फुगवून पिशवीत भरलेल्या. नाना त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. "त्या खाण्यापेक्षा उपाशी राहीन," म्हणत. वसुधाही हेच म्हणायची.

नाना चौऱ्याहत्तर वर्षांचे. मूलबाळ नाही. छत्तीस वर्षं नोकरी केली ती एका विमा कंपनीच्या दावे खात्यात. कुणाचं गोदाम जळालं, कुणाच्या दुकानात पाणी शिरलं, की लोक रडकुंडीला येऊन टेबलासमोर बसायचे आणि नाना पॉलिसी उघडून बोट ठेवायचे: अट क्रमांक अमुक. मग लाल पेनाने शेरा. माणूस वाईट नव्हता हो. पण जे कागदावर लिहिलेलं नाही ते जगात नाही, अशी त्यांची पक्की समजूत. निवृत्त झाले तरी ती सुटली नाही. सोसायटीच्या सभेत "हे ठरावात लिहिलंय का?" असं विचारून सगळ्यांच्या चहाचं पाणी करणारे गृहस्थ ते हेच.

वसुधा शाळेत गणित शिकवायची. ती गेल्यावर पहिलं वर्षभर लोक येत-जात होते. दुसऱ्या वर्षी फोन करत होते. तिसऱ्या वर्षी एकदा नानांच्या लक्षात आलं, की या आठवड्यात आपण तोंड उघडून बोललो ते फक्त दूधवाल्याशी, आणि तेही "उद्यापासून अर्धाच लिटर" एवढंच. घर खायला उठतं असं लोक म्हणायचे तेव्हा नानांना ती बोलायची पद्धत वाटायची. आता दुपारी तीन वाजले की ते मुद्दाम खाली उतरून जिन्यातल्या पत्रपेट्या बघून यायचे. हल्ली पत्रं येतात कुणाला? पण तेवढेच जिने.

वसुधाच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे बँकेत तसेच पडून होते. त्याच्या व्याजातून नानांनी शिष्यवृत्ती काढली. जवळच्या वाचनालयाच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने कागद लावला: वसुधा खांबेटे शिष्यवृत्ती, वर्षाला साठ हजार रुपये, गणिताशी संबंधित शिक्षण घेणाऱ्या मुलीसाठी. अटी चार. पहिल्या तीन कुणीही घालील अशा. चौथी मात्र खास नानांची. विद्यार्थिनीने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी देणगीदाराच्या घरी जेवायला यावे. सबळ कारणाशिवाय दोनदा गैरहजर राहिल्यास त्या वर्षाची संपूर्ण रक्कम परत करावी लागेल.

आता बोला! ही शिष्यवृत्ती की जप्तीची नोटीस? पण नानांच्या डोक्यात वेगळंच होतं. त्यांचे आजोबा पुण्यात वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असं सात दिवस सात घरी. गरीब पोराला असं जेवायला घालणं म्हणजे पुण्य, आणि त्या जेवणावर आजोबा शिकून मास्तर झाले. तेव्हा आपणही एक वार द्यावा, महिन्यातून एक, असं नानांनी ठरवलं. लोकांना त्यांनी हेच कारण सांगितलं. स्वतःलाही हेच सांगितलं.

अकरा अर्ज आले. चौथी अट खरीच आहे असं कळल्यावर सहा जणींनी माघार घेतली. उरलेल्या पाचांतून नानांनी संघमित्रा तायडेला निवडलं. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहणारी, घरचे मूळचे अकोल्याकडचे, वडील लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. घाटकोपरच्या एका खाजगी कॉलेजात ती विम्याचं गणित शिकत होती: माणसं किती वर्षं जगतील, घरं किती जळतील, याचे अंदाज मांडायचे. विम्याचं गणित! नानांना आकाश ठेंगणं झालं. कोर्स नवा, सरकारी सवलतींच्या यादीत अजून चढलेला नव्हता. फी एक लाख ऐंशी हजार. त्यातले नव्वद हजार कॉलेज आपल्या गरजू विद्यार्थी निधीतून माफ करणार होतं, कारण घरची परिस्थिती त्यांनी कागदपत्रांवरून पडताळली होती. राहिले नव्वद. आपले साठ दिले की पोरीच्या घरावर पडतील फक्त तीस, असं साधं सरळ गणित नानांनी केलं. आणि पद्धतशीर माणूस असल्यामुळे शिष्यवृत्तीच्या पत्राची एक प्रत स्पीड पोस्टाने कॉलेजलाही पाठवली. माहितीसाठी. कुणी मागितली नव्हती.

जुलैच्या पहिल्या रविवारी ती अकरा वाजता आली. बारीक, उंच, पाठीला सॅक. आत आल्या आल्या तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. नानांचे वाल अजून सोलून व्हायचे होते. एकट्याने सोलायचे म्हणजे किती वेळ लागतो याचा अंदाज त्यांना चार वर्षांत आला नव्हता. ते ओशाळले. तिने सॅक टेकवली, परातीपलीकडे मांडी घालून बसली आणि सोलायला लागली.

"आमच्याकडे असं सोलत बसत नाही कोण," ती म्हणाली. "आई सालासकटच करते."

"म्हणून तुझी आई सुखी आहे."

ती पहिल्यांदा हसली. नानांना वाटलं, चला, जमलं.

आणि खरंच जमलं की. निदान नानांना तसं वाटलं. ती दर महिन्याला वेळेवर यायची, सोलायला बसायची, भरभर जेवायची, ताट घासून ठेवायची आणि दोनच्या ठोक्याला निघायची. नानांचा सगळा महिना त्या तीन तासांभोवती फिरायला लागला. पेपरात काही आलं की ते कात्रण कापून ठेवायचे, संघमित्राला दाखवायला. पाय मुरगळला तर आधी मनात यायचं, हे तिला कसं रंगवून सांगावं. बुधवारपर्यंत गेल्या रविवारचं बोलणं पुरायचं, आणि चौथ्या आठवड्यात पुढच्या रविवारची तयारी. मधले दिवस मात्र फार लांब असायचे.

पोरगी फटकळ होती. सप्टेंबरात नानांनी तिला आजोबांच्या वाराची गोष्ट सांगितली, अगदी सात घरांच्या आडनावांसकट. ती ऐकत होती. मग म्हणाली, "नाना, त्या सात घरांत माझ्या पणजोबांना वार मिळाला असता का?"

नानांचा हात परातीतच राहिला. उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि ते आजवर कधी त्यांच्या मनात आलं नव्हतं, याची त्यांना लाज वाटली. वार म्हणजे पुण्य, पण ते कुणाला वाढायचं पुण्य हे त्या सात घरांनी आधीच ठरवून ठेवलेलं.

"नसता मिळाला," ते म्हणाले.

"ओके," ती म्हणाली. "खोटं बोलला असता ना, तर मी उठून गेली असती. सोला आता."

डिसेंबरात तिने पुस्तकातलं एक गणित आणलं होतं. एका माणसाने एकाच दुकानाचा दोन कंपन्यांकडे विमा उतरवलाय, दुकान जळालं, तर कुणी किती द्यायचं? नाना एकदम पंचविशीतले झाले. "अगं, हे तर माझं रोजचं काम! नुकसान एक, भरपाई एक. दहा लाखांचं दुकान जळलं, तर दोघांकडून मिळून दहाच लाख. एकाने सहा दिले, की दुसऱ्याने चारच द्यायचे. नाहीतर काय, लोक आगी लावत सुटतील! किती दावे कापले मी असे. लोक शिव्या द्यायचे, पण नियम म्हणजे नियम. न्यायाचा आहे."

"हो," ती म्हणाली. "पुस्तकात पण न्यायाचाच दिलाय." आणि ती खाली बघून सोलत राहिली. त्या दिवशी नाना दोन पोळ्या जास्त जेवले.

फेब्रुवारीत ती एकदा आली नाही. सकाळीच फोन आला, ताप आहे. आणि संध्याकाळी मोबाइलवर डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो, शिक्क्यासकट. नानांना कोण कौतुक! किती व्यवस्थित मुलगी, अगदी आपल्यासारखी. तो फोटो त्यांनी जपून ठेवला. पण त्या रविवारी केलेली उसळ त्यांच्या घशाखाली उतरेना, हेही खरं.

एप्रिलमध्ये कॉलेजचं पाकीट आलं. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती चालू ठेवणार का, असं विचारणारं पत्र, सोबत चालू वर्षाचा तक्ता. पत्रपेटीत खरोखरच काहीतरी सापडल्यामुळे नाना खुशीत होते. जिन्यातच उभं राहून त्यांनी वाचलं. एकूण फी एक लाख ऐंशी हजार. महाविद्यालयाची मंजूर सवलत नव्वद हजार. वजा बाह्य शिष्यवृत्ती साठ हजार. महाविद्यालयाची अंतिम सवलत तीस हजार. विद्यार्थिनीने भरलेली रक्कम नव्वद हजार.

दुसऱ्या कुणाला ते तीनदा वाचावं लागलं असतं. नानांनी आयुष्यभर असलेच कागद तयार केले होते. एका नजरेत कळलं. आपण साठ दिले, कॉलेजने साठ काढून घेतले. पोरीला आधी नव्वद भरायचे होते, नंतरही नव्वदच भरायला लागले. गरज एक, मदत एक. ते पायरीवर बसले. खालून येणाऱ्या पेपरवाल्याने विचारलं, "नाना, बरं नाही का?" नाना म्हणाले, "बरंय."

दुसऱ्या दिवशी बस पकडून ते कॉलेजात गेले. विद्यार्थी निधीचं काम बघणाऱ्या अस्मिता मॅडम पस्तिशीच्या, बोलायला नीट. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, मुलाची गरज आम्ही एकदाच मोजतो," त्या म्हणाल्या. "बाहेरून मदत आली की तेवढी गरज भागली असं धरतो आणि आमची मदत तेवढी कमी करतो. ते पैसे आम्ही खिशात नाही घालत. यादीतल्या पुढच्या मुलाला देतो. तुमच्या साठमुळे एक मुलगा कॉलेजात टिकला."

"नियम मला पाठ आहे," नाना म्हणाले. "मी छत्तीस वर्षं तोच चालवला. फक्त मला सांगा, तिला काय मिळालं?"

मॅडम जरा घुटमळल्या. "तिच्या हातात? काही नाही."

"मग तिने नको का नाही म्हटलं?"

"म्हटलं ना. ऑगस्टमध्ये आली होती माझ्याकडे. म्हणाली, मॅडम, त्या आजोबांचे पैसे परत करते, मला माझे पूर्वीचे नव्वद द्या. पण तोवर यादी लागली होती, ते साठ पुढच्या मुलाला गेले होते. तुमची शिष्यवृत्ती सोडली असती तर तिच्या फीत साठ हजारांचं भगदाड पडलं असतं. आणि तुमचं ते पत्र…" त्यांनी फाईल उघडली, पण वाचून दाखवलं नाही. "दोनदा आली नाही तर सगळे परत. एवढे पैसे ती कुठून आणणार होती, काका? मला म्हणाली, आता जाते दर महिन्याला, दुसरं काय करू. आणि म्हणाली, नानांना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल."

नानांना डॉक्टरची चिठ्ठी आठवली. सबळ कारण. पुरावा पाठवला होता पोरीने, पुरावा! आणि आपण कौतुक करत बसलो. आणि डिसेंबरात आपण तिच्या तोंडावर सांगितलं, नियम न्यायाचा आहे. ती काय म्हणाली? पुस्तकात पण न्यायाचाच दिलाय. नानांना त्या खुर्चीतून उठून कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

"पुढच्या वर्षी एक करता येईल," मॅडम म्हणाल्या. "पत्रात स्पष्ट लिहा, की हे पैसे फीसाठी नाहीत. तिला कॉलेजबाहेरच्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यांची फी भरमसाट असते. लॅपटॉप, पुस्तकं, बसभाडं. थेट तिच्या खात्यात द्या. फीपलीकडच्या खर्चासाठी आलेली मदत आम्ही वजा करत नाही. तिचे नव्वद तिला पूर्ण मिळतील."

"एवढंच लिहायचं होतं?"

"एवढंच. पण तुम्हाला कुणी सांगणार कसं? तुम्ही विचारलं नव्हतं, थेट पाठवलं होतं."

घरी येऊन नानांनी नवं पत्र लिहायला घेतलं. पैसे कशासाठी ते लिहिलं, थेट खात्यात ते लिहिलं, पहिल्या तीन अटी उतरवल्या. मग चौथी. चौथी लिहिताना हात कचरला नाही, उलट अक्षर जरा जास्तच सुबक आलं. कारण आता तर सौदा चोख होता! आता पैसे खरंच तिला मिळणार होते. साठ हजारांत महिन्यातले तीन तास, कुणी त्याला जुलूम म्हणेल? ती आनंदाने येईल. आनंदाने नाही तरी येईलच, अट आहे ना. जून, जुलै, ऑगस्ट, बारा रविवार नानांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, परातीच्या पलीकडे ती बसलेली, आणि त्यांना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच त्यांना भीती वाटली.

वसुधा गेली हे नुकसान. त्याची भरपाई ते कुणाकडे मागत होते? एका विक्रोळीच्या पोरीकडे, जिचा त्यात काडीचा संबंध नव्हता. वाराचं पुण्य वगैरे सगळं झूट. असा दावा टेबलावर आला असता तर नानांनी एका मिनिटात फेटाळला असता. कपाटातून त्यांनी जुनं लाल पेन शोधून काढलं. शाई वाळली होती. चार वेळा गिरवल्यावर उमटली, आणि चौथ्या अटीवर त्यांनी आडवी रेघ मारली. मग पत्र पुन्हा कोऱ्या कागदावर उतरवून काढलं, तीन अटींचं.

मेच्या पहिल्या रविवारी ती आली. जुन्या पत्राप्रमाणे हा शेवटचा रविवार. दोघं सोलायला बसले.

"कॉलेजात जाऊन आलो," नाना म्हणाले.

तिचे हात थांबले. "मॅडमनी सांगितलं?"

"सगळं."

"वाट लागली," ती पुटपुटली. "नका सांगू म्हटलेलं त्यांना."

"का पण?"

"काय सांगणार ना, नाना? तुम्ही एवढ्या हौसेने देत होता. काकूंच्या नावाने. मी काय तोंड उघडून सांगू, की तुमच्या पैशाने माझं काहीच झालं नाही?"

"राग आला असेल."

"पहिले तीन महिने तर जाम राग. माझा रविवारचा क्लास होता विक्रोळीला, नववी-दहावीची गणितं घ्यायची मी. महिन्यातला एक रविवार सुट्टी द्या म्हटलं, तर सरांनी सगळ्या बॅच दुसरीला दिल्या. आई तर रोज म्हणायची, हा कोण म्हातारा, जेवायला घालतो आणि पोटावर पाय देतो!"

नानांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यांनी परातीत मान घातली. "आणि नंतर?"

ती बराच वेळ सोलत राहिली. "नंतर सवय झाली," ती म्हणाली.

नानांना आणखी काही ऐकायचं होतं. काय, ते त्यांना सांगता आलं नसतं. जेवणं झाल्यावर त्यांनी तिला पत्र दिलं. तिने उभ्यानेच वाचलं, मग पान उलटून मागे काही आहे का बघितलं.

"चौथी अट कुठाय?"

"काढली."

"म्हणजे मी यायचं नाही?"

"सक्ती नाही आता," नाना म्हणाले. दावे खात्यातला आवाज. तो नेमका तेव्हाच कुठून आला देव जाणे.

ती दारात चपला घालत होती. एरवी दोनच्या ठोक्याला पळणारी पोरगी, त्या दिवशी चपलेचा पट्टा लावायला तिला फार वेळ लागला. नाना तिच्या मागे उभे होते. 'येत जा गं अधूनमधून.' साधं वाक्य. जिभेवर आलेलं. पण त्यांना वाटलं, पैसे देणाऱ्याने 'येत जा' म्हटलं की झालीच ती चौथी अट. लिहिली काय नि न लिहिली काय, तिला नाही म्हणता येणार नाही. साठ हजार देणाऱ्याला कोण नाही म्हणतं? म्हणून त्यांनी ते गिळलं.

"अभ्यास नीट कर," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली. नाना कठड्याशी उभे राहिले. तिने खालून वर बघितलं की नाही, ते त्यांना दिसलं नाही, कारण चष्मा आत राहिला होता.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी नानांनी वाल भिजवले. अट नव्हती, पण अट काढली म्हणून कुणी येऊच नये असंही कुठे लिहिलं नव्हतं. रविवारी अकरा वाजले. साडेअकरा झाले. जिन्यात पावलं वाजली की हात थांबायचे. पावलं दुसऱ्या मजल्यावर वळायची. नानांनी सगळे वाल एकट्याने सोलले. बोटांची टोकं सुरकुतली. एक वाजता उसळ झाली, दोन ताटं मांडलेली होती, त्यातलं एक त्यांनी परत फडताळात ठेवलं. ती उसळ त्यांना मंगळवारपर्यंत पुरली. मंगळवारी ती आंबली होती तरी त्यांनी खाल्ली.

जुलैच्या पहिल्या रविवारी ते पुन्हा परात घेऊन बसले होते. पाऊण तास झाला असेल, मोबाइल वाजला. संघमित्राचा मेसेज.

"नाना!! बाहेरच्या परीक्षेचे दोन पेपर निघाले! फी तुमच्या पैशातनं भरलेली. कॉलेजने पण नव्वद पूर्ण दिले. आणि रविवारचा क्लास परत लागला, चार बॅच आहेत, श्वास घ्यायला टाइम नाही."

नानांनी ते मोठ्याने वाचलं, भिंतीवरच्या वसुधाला ऐकू जाईल असं. गणित बरोबर आलं होतं. एवढ्या वर्षांत इतका चोख निकाल त्यांच्या हातून लागला नव्हता.

तेवढ्यात दुसरा मेसेज आला. "वाल कोण सोलतं हो आता?"

नाना त्या ओळीकडे बघत राहिले. हात धोतराला पुसून त्यांनी टाइप केलं, "ये ना एखाद्या रविवारी, दोघं मिळून सोलू." चार वेळा वाचलं. चार बॅच. मागच्या वेळी एका रविवारापायी सगळ्या गेल्या होत्या. आपण ये म्हटलं तर ती येईल. नक्की येईल, तशीच आहे ती. नानांनी एकेक अक्षर पुसलं आणि दुसरं लिहिलं.

"बाजारात सोललेल्या मिळतात हल्ली. चांगल्या असतात."

पाठवलं. तिने लगेच वाचलं. वर 'टायपिंग' उमटलं, गेलं, परत उमटलं, परत गेलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "ओके नाना."

नानांनी फोन पालथा ठेवला. परातीतले निम्मे वाल अजून सोलायचे होते.